पूजेतलं सोनं: गुंजभर पुरतं, पण खरं हवं

भटजींनी दिलेल्या यादीत हळद-कुंकू, सुपारी, खारीक-बदाम यांच्या खाली कुठंतरी ‘सुवर्ण’ असा एकच शब्द असतो. किती, कसलं, कुठं ठेवायचं आणि पूजा आटोपल्यावर त्याचं काय करायचं, हे त्यात नसतं. मग गावातल्या घरात दोनपैकी एक गोष्ट होते. कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हाती यायच्या आधीच उधारीवर अंगठी येते, नाहीतर पूजा-साहित्याच्या दुकानातली ‘पंचरत्न’ पुडी कलशात पडते. दोन्हींची गरज नाही.

आधी वजनाचं पाहू. जुन्या मापात ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तो तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आज सराफ्यात तोळा म्हटलं की सरळ १० ग्रॅम धरतात, म्हणून आजी सांगते तो तोळा आणि बिलावरचा तोळा यांत दीड ग्रॅमहून जास्त फरक पडतो. एक गुंज भरते ०.१२ ग्रॅम. एवढा सोन्याचा कण घरच्या कुठल्याही पूजेला पुरतो. (गुंजेची लाल-काळी बी विषारी असते. जुन्या तराजूच्या डबीत ती अजून सापडते, पण लेकरांच्या हाती देऊ नका.)

तेवढंही घरात नसेल तर पूजाविधीनंच वाट ठेवली आहे. देवाला दागिने अर्पण करायच्या जागी भटजी ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणतात आणि हळदीनं पिवळ्या केलेल्या चार अक्षता वाहायला लावतात. ही पळवाट नाही, विधीचाच भाग आहे. पितळेचा तुकडा ‘सोनं’ म्हणून कलशात टाकण्यापेक्षा या अक्षता हजार पटीनं बऱ्या. अक्षता आपण अक्षता म्हणूनच वाहतो, पितळ मात्र सोन्याच्या नावानं ठेवतो.

सोनंच का, याचं उत्तर दक्षिणेच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकात आहे: ‘हिरण्यगर्भगर्भस्थं हेमबीजं विभावसोः’. विभावसू म्हणजे अग्नी, आणि सोनं हे त्या अग्नीचं बीज. म्हणून होम नसलेल्या साध्या पूजेतही सोन्याचा कण ठेवला की अग्नीचं तेज तिथं आलं असं मानतात. लक्ष्मीला श्रीसूक्तात ‘हिरण्यवर्णा’ म्हटलं आहे, आणि त्याच ओळीत ‘सुवर्णरजतस्रजाम्’ म्हणजे सोन्या-चांदीच्या माळा घातलेली असंही म्हटलं आहे. तेव्हा चांदीचा देव कमी दर्जाचा, ही समजूत काढून टाका. विदर्भात तर खामगावची चांदी नावाजलेली आहे, आणि बहुतेक घरांतल्या देव्हाऱ्यात टाक, म्हणजे देवाची उठावाची प्रतिमा असलेले छोटे पत्रे, चांदीचेच असतात.

स्मृतींनी आणखी एक कामाची गोष्ट सांगून ठेवली आहे. सोन्याच्या भांड्याला काही चिकटलेलं नसेल तर ते नुसत्या पाण्यानं शुद्ध होतं. तांबं, पितळ, कासं यांना मात्र खार किंवा आंबट लागतं. म्हणजे कलशाचा तांब्या चिंच-मिठानं घासा, सोन्याला फक्त पाणी घाला. हा नियम आठवणीत ठेवला तर पुढची निम्मी नुकसानं टळतात.

काय विकत घ्यायचं

पूजेपुरतंच सोनं घ्यायचं असेल तर दागिना घेऊ नका. दागिन्याला घडणावळ लागते आणि मोड देताना ती परत मिळत नाही. सोनाराकडून एक-दोन गुंजांचा मणी करून घ्या. मणी भोक असलेला हवा, कारण त्यात दोरा ओवता येतो, आणि दोरा का हवा ते पुढे येतंच. पातळ पत्र्याचं बेलपान किंवा तुळशीपान दिसतं सुरेख, पण शुद्ध सोनं मऊ असतं. तांदळाच्या राशीतून उचलतानाच पान वाकतं आणि दोन-तीन वर्षांत देठाशी तुटतं.

शुद्धता विचारून घ्या. २४ कॅरेट म्हणजे ९९५ किंवा ९९९, २२ कॅरेट म्हणजे ९१६, १८ कॅरेट म्हणजे ७५०. पूजेला २२ पुरतं, मणी घासला जाणार असेल तर तेच बरं, कारण त्यातल्या तांब्या-चांदीनं त्याला कणखरपणा येतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळखक्रमांक, लागतो आणि ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तो टाकून पाहता येतो. पण दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही. आपला मणी त्याच गटात मोडतो. म्हणून तो पक्क्या बिलावरच घ्या, आणि बिलावर वजन, कॅरेट, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी हे चारही वेगवेगळे लिहून घ्या. वजन मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर, काचेचं झाकण लावून करायला सांगा. एवढ्या बारीक मालाला पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा आकडा हलतो.

‘पंचरत्न’ पुडीचं काय? शास्त्रातली पाच रत्नं म्हणजे सोनं, हिरा, नीलम, माणिक आणि मोती. पुडीत निघतात रंगीत काचेचे चार खडे आणि एक पिवळा पत्रा. ‘पंचधातू’च्या मूर्तीतही सोन्याचा अंश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यासाठी जादा पैसे मोजू नका. शहरातल्या सराफ्यात कॅरेट मोजायचं यंत्र असतं, त्यावर मूर्ती ठेवून पाहता येईल असं वाटतं खरं, पण ते यंत्र वरचा पापुद्राच वाचतं. मुलामा जाड असेल तर पितळेलाही ते सोनं म्हणून दाखवेल. कसोटीच्या दगडावर कस लावतानाही आधी कानशीनं किंचित घासून आतला धातू उघडा करावा लागतो.

कलशात सोनं ठेवायची रीत

पाटावर मूठभर तांदूळ पसरा. घासलेला तांब्या त्यावर ठेवून पाऊण भरा. काठोकाठ भरू नका, नारळ टेकला की पाणी सांडून तांदूळ भिजतात. पाण्यात गंध, हळद-कुंकू, अक्षता, दूर्वा, सुपारी आणि एक नाणं घाला. सोनं सगळ्यात शेवटी.

मणी वीतभर पांढऱ्या दोऱ्यात ओवा. मण्याकडचं टोक पाण्यात सोडा, दुसरं टोक तांब्याच्या गळ्याला दोन वेढे देऊन बांधा आणि त्यावर नागवेलीची किंवा आंब्याची पाच पानं लावून नारळ ठेवा. दोरा पानांखाली झाकला जातो. उत्तरपूजेनंतर नारळ उचलला की आधी दोरा ओढायचा, मणी वाटीत काढायचा आणि मगच पाणी घरात शिंपडून उरलेलं तुळशीला घालायचं. बिनदोऱ्याचा कण तांब्याच्या बुडाशी सुपारीखाली दडतो आणि पाण्याबरोबर तुळशीवृंदावनात जातो. मातीत गेलेला गुंजभर कण सापडत नाही, शोधायला बसलात तर तुळशीची मुळं तुटतात.

मणी नसेल तर घरातली साधी बिनखड्याची अंगठी त्याच पद्धतीनं बांधून सोडा. खड्याची अंगठी नको. खड्यामागच्या पोकळीत गंध आणि कुंकू जाऊन बसतं आणि खडा निस्तेज दिसायला लागतो.

पायाभरणीत किंवा वास्तूच्या निक्षेपात, म्हणजे घराच्या जमिनीत पुरायच्या ठेवीत, ठेवलेलं सोनं मात्र परत येत नाही. तिथं गुंजेच्या वर जाऊ नका. झाकणाच्या छोट्या तांब्याच्या डबीत सगळं भरा, डबी खड्ड्यात ठेवा आणि घरच्या माणसानं उभं राहून लगेच वर सिमेंटचा माल टाकून घ्यावा. ‘उद्या बुजवू’ म्हणून खड्डा रात्रभर उघडा राहू देऊ नका.

अभिषेकाबद्दल दोनच गोष्टी. पंचामृत तांब्याच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात कालवून ठेवलं की दही कळकतं, मग ते तीर्थ म्हणून घेणं बरं नव्हे. चांदीची किंवा स्टीलची वाटी घ्या. आणि ज्या मूर्तीवर सोन्याचा मुलामा आहे तिच्यावर पंचामृत घालून पुसत बसू नका. मुलामा अतिशय पातळ असतो, रोजच्या पुसण्यानं नाक, गुडघे आणि हाताची बोटं अशा वर आलेल्या जागांवरून तो आधी उडतो. अशा मूर्तीला फुलानं पाण्याचे थेंब शिंपडावेत, अभिषेक शेजारच्या सुपारीवर करावा.

महालक्ष्म्यांचा साज

विदर्भातल्या घरात वर्षातलं सगळ्यात जास्त सोनं देवाच्या अंगावर चढतं ते भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींच्या, तीन दिवसांत. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि पुरणपोळी-आंबिलीचा नैवेद्य, मूळावर विसर्जन. नैवेद्याच्या दिवशी अर्धं गाव जेवून जातं. घर उघडं, बाया स्वयंपाकात, पुरुष पंगतीत, आणि दोघी बहिणी समोर दागिन्यांनी मढलेल्या. म्हणून साज चढवण्याचं काम एका जाणत्या बाईकडेच ठेवावं. चार हातांनी चढवलेला साज उतरवताना हिशेब लागत नाही.

आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी चटईवर पांढरं धोतर अंथरून सगळे दागिने मांडा. बहुतेक घरांत हे दागिने एकट्या सासूबाईंचे नसतात. थोरल्या जाऊबाईंची बोरमाळ, नणंदेचा गोफ, शेजारच्या काकूंची एकदाणी असं मिळून दोघींचा साज पुरा होतो. म्हणून प्रत्येकीचा दोरा वेगळ्या रंगाचा ठरवा. लाल जाऊबाईंचा, हिरवा नणंदेचा. फाशाच्या कडीत इंचभर दोरा बांधून टाका, साडीच्या काठात तो दिसतही नाही. मग वहीत मालकीण, दागिना आणि वजन लिहा आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो काढा. खऱ्याबरोबर ‘एक ग्रॅम’चे मुलाम्याचे दागिने असतील तर वहीत त्यांचं वेगळं पान करा. उतरवताना घाईघाईत मुलाम्याचा हार तिजोरीत आणि खरा हार आरासच्या पेटीत गेला, की पुढच्या भाद्रपदापर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

कोठ्या (मुखवट्याखालची धडं) भरून, साडी नेसवून, पदर पिनांनी पक्का झाला की साजाला हात घाला. आधी लांब माळा, मग मधल्या, शेवटी गळ्यालगतची ठुशी किंवा वज्रटीक. उलट केलं तर लांब माळ घालताना गळ्यालगतचा दागिना मुखवट्यावर आपटतो आणि मुखवट्याचा रंग उडतो. माळेचं वजन मुखवट्याच्या मानेवर येऊ देऊ नका. पाठीमागे कोठीच्या गळ्याला सुती दोरी आवळून तिच्यात माळा अडकवा. शाडूच्या किंवा प्लास्टरच्या मुखवट्याचे कान जड कुड्या पेलत नाहीत. कुडी कानाच्या भोकात नुसती टेकवा आणि तिचा भार केसांच्या गंगावणातून आणलेल्या बारीक तारेवर घ्या. नथीचंही तसंच. चापाची नथ असेल तर चाप थोडा सैल करून घ्या, भोकात दाबून बसवायला गेलात तर नाकाचा शेंडा निघतो. चिकटपट्टी किंवा गोंद सोन्याला लावू नका, खाचांतला चिकटा काढताना नक्षी झिजते.

मंगळसूत्र आणि पोत या दोनच गोष्टी खऱ्या सोन्याच्या असल्या तरी महालक्ष्मीचा साज पूर्ण होतो. बाकी फुलांच्या वेण्या, काचेच्या बांगड्या आणि हळदीत रंगवलेला सोळा पदरी दोरा. आमचा आग्रह असा, की ज्या घराला धड दार-खिडकी नाही किंवा रात्री जागायला माणूस नाही, तिथं एवढंच खरं ठेवावं. पण हे आवाहनाच्या आधी ठरवा. एकदा आवाहन झालं की विसर्जनाच्या अक्षता पडेपर्यंत मूर्ती हलवत नाहीत, आणि रात्री भीती वाटली म्हणून अंगावरचे दागिने काढणं कुणाच्याच मनाला पटत नाही.

समई दोन्ही बाजूंनी हातभर लांब ठेवा. आगीची भीती आहेच, पण लाखेचीही आहे. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. समईची धग तासन् तास एकाच बाजूनं लागली की लाख मऊ होऊन भोकातून झिरपते, मणी चेपतात आणि दोरा लाखेत अडकतो. शिवाय तेलाची काजळी नक्षीत बसते ती वेगळीच.

मूळ नक्षत्रावर विसर्जनाच्या अक्षता टाकल्यावर उलट्या क्रमानं उतरवा: नथ, कुड्या, गळ्यालगतचं, मग लांब माळा. प्रत्येक दागिना वहीत खूण करून धोतरावर. दोरे त्याच वेळी पाहा. आणि निर्माल्य गोळा केलंत की विहिरीवर किंवा नदीवर न्यायच्या आधी ते पांढऱ्या पंचावर पसरून हातानं चाळा. दूर्वा आणि शेवंतीत मोरणी, नथीचा मोती, पोतीतला मणी असं काहीबाही निघतंच. गणपतीच्या विसर्जनालाही हाच नियम. घरातून निघताना एकानं दागिने उतरवावेत आणि दुसऱ्यानं मूर्ती पुन्हा एकदा हातानं चाचपून पाहावी, नुसत्या डोळ्यांनी नाही. हारांखाली राहिलेली साखळी डोळ्यांना दिसत नाही.

दसरा आणि दिवाळी

दसऱ्याचं सोनं झाडावर असतं. कौत्साला गुरू वरतंतूंना चौदा कोटी मोहरा द्यायच्या होत्या, रघुराजानं कुबेरावर चाल करायचं ठरवलं आणि रातोरात सोन्याचा पाऊस पडला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. याच रघूचा मुलगा अज, आणि त्याची राणी इंदुमती आपल्या विदर्भाची.

सोनं लुटायला आपटाच घ्या, कांचन नको. आपट्याचं पान लहान, जाड, चामड्यासारखं चिवट असतं, लांबीपेक्षा रुंदी जास्त, साधारण दोन ते पाच सेंटिमीटर. कांचनाचं पान त्याहून मोठं आणि मऊ, आणि त्याची फुलं गुलाबी-जांभळी, ठसठशीत. आपट्याची फुलं बारीक, पिवळट पांढरी. फांदी तोडून आणायची गरज नसते. माणसी पाच-सहा पानं खुडून ओल्या फडक्यात गुंडाळली की संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतात. शिलंगणाहून परत आलेल्याला दारात ओवाळताना तबकात सोन्याची अंगठी आणि सुपारी ठेवतात. तबक गोल फिरतं तेव्हा सैल अंगठी घरंगळते, म्हणून ती अक्षतांत अर्धी रोवून ठेवा.

लक्ष्मीपूजनाला पाटावर पांढरं किंवा लाल वस्त्र, त्यावर तांदूळ, त्यावर सोनं. सोनं जमिनीला टेकवत नाहीत. घरातलं सगळं सोनं मांडायची काही गरज नाही, एक नग सगळ्यांचा प्रतिनिधी म्हणून पुरतो. हळद-कुंकू दागिन्यावर टाकू नका, शेजारच्या सुपारीवर वाहा आणि दागिन्याला गंधाचं एक बोट लावा. कुंकू साखळीच्या कड्यांत गेलं की वर्षभर तिथून लाल रंग गळतो आणि मानेला खाज सुटते. चुकारा हातात आला म्हणून धनतेरसेलाच घ्यावं असंही नाही. त्या दिवशी दुकानात गर्दी असते, काटा नीट बघायला मिळत नाही. ज्याला मुहूर्त पाळायचा आहे त्यानं आधी जाऊन वजन-घडणावळ ठरवून बिल करावं आणि त्या दिवशी वस्तू घरी आणून पूजेत ठेवावी.

पोळ्याला बैलाच्या शिंगांना सोनेरी बेगड लावतो, त्यामागेही हीच कल्पना आहे. गोदानाच्या विधीत सोन्याच्या शिंगांची, रुप्याच्या खुरांची गाय सांगितली आहे. बेगड खळीनं चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं काढून टाका, बैलानं चाटून पोटात जाऊ नये.

धुणं आणि उजळणं

सोन्याला पाणी पुरतं म्हटलं, पण तेल आणि काजळीला रिठा लागतो. चार-पाच रिठ्यांच्या साली अर्धा लीटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुसकरून गाळा, पाणी कोमट करा. बिनखड्याचे, बिनलाखेचे दागिने त्यात १०-१५ मिनिटं ठेवा, लहान लेकरांच्या मऊ ब्रशनं हलकं घासा आणि परातीतल्या स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या. मोरीत किंवा नळाखाली धुवू नका. कडी सुटली तर दागिना नाल्यात जातो. सुती फडक्यावर वाळवा आणि प्रत्येक नग वेगळ्या फडक्यात गुंडाळा, एकमेकांवर घासले की ओरखडे पडतात. मोती, पोवळं आणि लाखेचे मणी भिजवायचेच नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे. टूथपेस्ट, राख, लिंबू, कपड्यांचं ब्लीच हे सगळं वर्ज्य.

दारावर येऊन ‘पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्याला तर आवारातही घेऊ नका. दुपारी पुरुष शेतात असतात तेव्हाच हे येतात. आधी पितळेची समई फुकट चकचकीत करून दाखवतात, मग पाटली मागतात. त्यांच्या बाटलीत तेजाब असतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोनं विरघळतं आणि ते पाणी ते बरोबर घेऊन जातात. वर सांगतात, हळदीच्या डब्यात ठेवून गरम करा, अर्ध्या तासानं उघडा. तोवर ते पुढच्या गावी पोहोचलेले असतात. पाटली चकाकते खरी, पण काट्यावर ठेवली की कितीतरी ग्रॅम कमी भरते.

दुसरा धोका देव्हाऱ्यातच असतो: पाऱ्याचं शिवलिंग. पारा सोन्याला शोषून घेतो. पारदलिंगाशेजारी ठेवलेली अंगठी दोन-चार दिवसांत पांढरी पडलेली दिसते आणि ती धुऊन निघत नाही. तुटलेल्या थर्मामीटरचंही तसंच. अशी अंगठी घरी चुलीवर तापवून ‘सोनं परत आणायचा’ प्रयत्न कधीच करू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. सोनाराला ती पाऱ्याची आहे असं स्पष्ट सांगूनच द्या.

लग्नाआधी टाक उजळायला देतात. देताना किती टाक आहेत ते मोजा, प्रत्येकाचं वजन चिठ्ठीवर घ्या आणि कोणता कुणाचा ते लिहून ठेवा: खंडोबा, माहूरची रेणुका, पूर्वज. टाकाला मागून तांब्याचा पत्रा असतो, त्यामुळे पूर्ण वजन चांदीचं नसतं. मोड देताना यावरून वाद होतात. उजळताना थोडी तूट येणारच. तूट ठळक दिसली तर विचारा. परत आलेले टाक थेट देव्हाऱ्यात न मांडता ताटात तांदळावर ठेवून अभिषेक आणि नैवेद्य करून मगच बसवतात.

बाळ आणि म्हातारं माणूस

बाळाला सोन्याच्या शलाकेनं मध-तूप चाटवायची जुनी रीत आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. त्यात अशा जंतूंचे बीजाणू असू शकतात जे बाळाच्या आतड्यात वाढून अंग लुळं पाडतात. उष्टावणाला, सहा महिने झाल्यावर, गुळगुळीत बिनखड्याची अंगठी धुऊन खिरीत बुडवा आणि बाळाच्या ओठाला लावा, एवढ्यात विधी होतो. अंगठी बाळाच्या हातात देऊ नका. शेवटच्या घटकेला तोंडात तुळशीपत्र, गंगाजल आणि सोन्याचा कण ठेवतात, तोही ओठांवर टेकवावा. श्वास चालू असताना घशात काही जाऊ देऊ नये.

नवसाचं सोनं देवळात देताना

मोठ्या देवस्थानात पावती मिळते, तिथं वजन आणि कॅरेट लिहून घ्यायचं एवढंच. गावच्या देवळाचं तसं नसतं. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे का ते आधी विचारा. नोंदलेलं असेल तर दागिना दोन पंचांसमोर तोलून, फोटो काढून विश्वस्तांच्या नोंदवहीत चढवा. देवळाला तिजोरी नसेल तर सोनं अंगावर ठेवून गावाच्या गळ्यात चिंता बांधू नका. मुकुट चांदीचा करा आणि त्यावर कपाळाच्या जागी एक-दोन ग्रॅमचा सोन्याचा टिळा बसवा. नाहीतर दागिना बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून यात्रेपुरता बाहेर काढायचा ठराव करून घ्या.

कळसाला ‘सोन्याचं पाणी’ देतो म्हणून येणाऱ्या कारागिराला तीन गोष्टी विचारा: आत तांबं आहे की पितळ, वर सोन्याचा वर्ख आहे की विजेचा मुलामा, आणि सोनं किती ग्रॅम लागणार. टायटॅनियमचा सोनेरी थर उन्हापावसात चांगला टिकतो, पण त्यात सोनं नसतं. तसं सांगून घेतलं तर हरकत नाही.

मारुतीला सोन्या-चांदीचे डोळे वाहतात. ते शेंदरावर मेणानं बसवा, गोंदानं किंवा एम-सीलनं नाही. वर्षानुवर्षं तेल-शेंदूर चढत गेला की त्याची जाड खोळ होते आणि एक दिवस ती आपोआप सुटून पडते. मेणानं लावलेले डोळे त्या दिवशी नखानं उचलून निघतात, कोमट पाण्यानं पुसता येतात आणि मोकळ्या झालेल्या मूर्तीला पहिला शेंदूर लागला की परत तिथंच बसवता येतात.